कोड खुला, फोन बंद

अँड्रॉइड ओपन सोर्स आहे हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं, आणि ते खरंही आहे. त्याचा मूळ कोड कुणीही उतरवून घ्यावा, वाचावा, बदलावा, त्यातून स्वतःचं अँड्रॉइड तयार करून विकावं. गूगलला एक रुपया द्यावा लागत नाही. मग एक साधा प्रश्न पडतो. पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेला फोन अजून धडधाकट आहे, पण कंपनीनं अपडेट देणं केव्हाच बंद केलं आणि आता एकेक अ‍ॅप ‘तुमची आवृत्ती जुनी आहे’ म्हणून कुरकुरायला लागलंय. कोड जर सगळ्यांचा आहे, तर नवं अँड्रॉइड आपणच आणून या फोनवर का टाकू नये? लॅपटॉपच्या बाबतीत आपण तेच करतो. विंडोज रडायला लागलं की घरातला एखादा भाचा पेनड्राइव्हवरून उबुंटू ही फुकट मिळणारी लिनक्स सिस्टिम टाकून देतो आणि तोच लॅपटॉप पुढं चार वर्षं निघतो.

फोनवरही हे जमतं, पण मोजक्याच फोनवर. का जमत नाही याची कारणं कोडमध्ये फारशी सापडत नाहीत. ती कोडच्या खाली हार्डवेअरमध्ये आहेत, फोन सुरू होण्याच्या पहिल्या सेकंदात आहेत, आणि कोडच्या वर गूगलच्या करारांत आहेत. कोड खुला असणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सोपी पायरी आहे असं माझं मत आहे, आणि नेमकी तिचीच जाहिरात सगळ्यात जास्त होते.

आधी अँड्रॉइड म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण ती एकसंध वस्तू नाही. सगळ्यांत तळाशी लिनक्स कर्नल असतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये सुरू केलेलं आणि आज जगभरच्या सर्व्हरवर चालणारं लिनक्स ते हेच. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणी कधी वापरायचा, स्क्रीन, स्पीकर, सेन्सर यांच्याशी बोलायचं कसं, ही कर्नलची कामं. त्याच्या वर अँड्रॉइडचा स्वतःचा डोलारा असतो: अ‍ॅप चालवणारी यंत्रणा, परवानग्या, नोटिफिकेशन, सेटिंग. याला एओएसपी, म्हणजे अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट म्हणतात. आणि त्याच्याही वर गूगलची मंडळी: प्ले स्टोअर, मॅप्स, जीमेल आणि सहसा कुणाच्या नजरेत न येणाऱ्या ‘प्ले सर्व्हिसेस’.

तिन्ही थरांचे परवाने वेगळे. कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतं. त्यात बदल करून फोन विकलात तर बदललेला कोड मागणाऱ्याला द्यावाच लागतो. एओएसपीचा बहुतेक भाग अपाची २.० खाली येतो. त्याचा अर्थ घ्या, बदला, आणि बदल हवे तर तुमच्याकडेच ठेवा. सर्वांत वरच्या गूगलच्या अ‍ॅपचा कोड पूर्ण बंद. नोव्हेंबर २००७मध्ये अँड्रॉइडची घोषणा झाली आणि ऑक्टोबर २००८मध्ये कोड खुला झाला, तेव्हा अपाचीची निवड समजून उमजून झाली होती. फोन कंपन्यांना आपण केलेली रंगरंगोटी प्रतिस्पर्ध्याला दाखवायची नव्हती, आणि गूगलला त्या कंपन्या सोबत हव्या होत्या.

कोड खुला आहे म्हणजे काम चव्हाट्यावर चालतं असंही नाही बरं का. मार्च २०२५मध्ये गूगलनं सांगितलं की यापुढं अँड्रॉइडचं सगळं काम आपल्या आतल्या शाखेत होईल आणि आवृत्ती तयार झाली की कोड बाहेर ठेवला जाईल. परवान्याच्या हिशेबानं काहीच बदललं नाही. बाहेरच्या लोकांना मात्र पुढं काय येणार हे आधी कळत होतं, ते आता शेवटी कळतं.

लॅपटॉप स्वतःची ओळख सांगतो, फोन सांगत नाही

उबुंटूचा एकच पेनड्राइव्ह पाच कंपन्यांच्या लॅपटॉपवर चालतो. यामागं उबुंटूच्या हुशारीइतकाच पीसीचा इतिहास आहे. आयबीएमनं १९८१मध्ये पीसी काढला, इतरांनी त्याच्या नकला केल्या, आणि नकला चालाव्यात म्हणून सगळ्यांना एकसारखं राहावं लागलं. आज पीसी सुरू झाला की त्याचं फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात एक यादी देतं: या मशीनमध्ये हे हे आहे. यूएसबी किंवा पीसीआयवर जोडलेली प्रत्येक वस्तू विचारल्यावर आपला नंबर सांगते. सिस्टिमनं फक्त त्या नंबराचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू चालवणारा प्रोग्राम, शोधायचा.

फोनमधला टचस्क्रीनचा कंट्रोलर, कॅमेऱ्याचा सेन्सर, बॅटरी मोजणारी चिप हे सगळे बारीक तारांच्या साध्या जोडणीवर बसलेले असतात आणि त्या जोडणीत ओळख सांगण्याची सोयच नसते. कोणत्या पत्त्यावर कोणती चिप आहे, तिला किती व्होल्ट द्यायचे, कोणती पिन दाबली की ती जागी होते, हे कर्नलला आधीच कुणीतरी लिहून द्यावं लागतं. जुन्या घरात भिंतीतून वायरिंग फिरवलंय आणि आराखडा काही ठेवलेला नाही, अशा घरात नव्या वायरमनला आणून उभं करावं, तशी नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची अवस्था होते.

हा आराखडा म्हणजे ‘डिव्हाइस ट्री’. पूर्वी तोही नव्हता. एकेका बोर्डाची माहिती थेट कर्नलच्या कोडमध्येच कोंबलेली असायची. २०११मध्ये या पसाऱ्यावरून टोरवाल्ड्स उघडपणे भडकले आणि त्यानंतर फोनच्या चिपांचं जग डिव्हाइस ट्रीकडं वळलं.

एक फोन जवळून पाहू. पोको एफ१ हा ऑगस्ट २०१८मध्ये भारतात आला, २०,९९९ रुपयांपासून, आणि त्या किमतीत स्नॅपड्रॅगन ८४५ हा वेगवान प्रोसेसर मिळतोय म्हणून तरुण पोरांनी तो भरभरून घेतला. या एकाच मॉडेलमध्ये दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या स्क्रीन बसवल्या गेल्या, काहींत तियानमाची, काहींत ईबीबीजीची. वापरणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. पण पोस्टमार्केटओएस नावाची मुक्त सिस्टिम यावर टाकायची तर आपल्या फोनमध्ये कोणती स्क्रीन आहे ते आधी शोधून काढावं लागतं आणि त्याप्रमाणे कर्नल निवडावं लागतं. एकाच नावाचा, एकाच किमतीचा फोन, आणि आराखडे दोन.

आता ड्रायव्हरकडं येऊ. खरी मेख तिथं आहे. चिप बनवणारी कंपनी लिनक्सची एखादी आवृत्ती उचलते, त्यात आपला भरपूर कोड घालते आणि ते गाठोडं फोन कंपनीला देते. पोको एफ१ला मिळालं ते लिनक्स ४.९. ही आवृत्ती मूळची डिसेंबर २०१६ची. म्हणजे फोन दुकानात आला तेव्हाच त्याचं कर्नल पावणेदोन वर्षांचं होतं. मूळ लिनक्सवाल्यांनी ४.९ची देखभाल जानेवारी २०२३मध्ये संपवली. फोन कंपनीची अधिकृत गाडी तर अँड्रॉइड १०वरच थांबली होती. नव्या कर्नलवर जायचं म्हटलं तर चिप कंपनीनं घातलेला तो सगळा कोड नव्यानं बसवावा लागतो. आणि जुनी चिप विकून झालेली असल्यामुळे त्यावर माणसं बसवायला कुणी तयार नसतं. फोन ‘जुना’ होतो तो बहुतेकदा या टेबलावर.

मग जुन्या फोनसाठी नवं अँड्रॉइड तयार करणारे लिनिएजओएससारखे स्वयंसेवी प्रकल्प काय करतात? ते वरचा थर बदलतात आणि खालचा तसाच ठेवतात. एओएसपीची नवी आवृत्ती घ्यायची, कंपनीनं उघड केलेलं जुनं कर्नल डागडुजी करून तिच्याखाली बसवायचं, आणि कॅमेरा, ग्राफिक्स, मोडेम वगैरेंच्या बंद फाइली कंपनीच्याच मूळ सॉफ्टवेअरमधून काढून जशाच्या तशा ठेवायच्या. हे काम प्रत्येक मॉडेलसाठी वेगळं. ते करणारा बहुतेकदा एखादा विद्यार्थी किंवा नोकरी सांभाळून रात्री बसणारा इंजिनिअर असतो, पगाराविना. त्यानं फोन बदलला किंवा त्याचं लग्न झालं की त्या मॉडेलच्या आवृत्त्या थांबतात. हे मी थट्टेनं म्हणत नाहीये. यादीतून फोन गळण्यामागं देखभाल करणारा उरला नाही हे कारण बऱ्याचदा असतं.

कधी वरचा थरच खालच्याला नाकारतो. अँड्रॉइड १२मध्ये नेटवर्क हाताळायची जुनी पद्धत जाऊन नवी आली आणि तिला कर्नलमध्ये जी सोय लागते ती फार जुन्या कर्नलांत नव्हतीच. ४.९ची दुरुस्ती करून भागलं, त्याहून जुन्यांचं काम अवघड झालं, आणि २०२२मध्ये लिनिएजओएस १९ आलं तेव्हा एका फटक्यात बरेच फोन मागं राहिले.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड टाकलं की फोन सुरक्षित झाला, असं नाही. अँड्रॉइडच्या थरातली भोकं बुजतात, आणि तेवढंही कमी नाही. पण मोडेमच्या किंवा ग्राफिक्सच्या बंद फाइलींत काही भोक निघालं तर ते चिप कंपनीशिवाय कुणालाच बुजवता येत नाही. मोबाइल नेटवर्कशी बोलणारा मोडेम तर फोनच्या आतला वेगळाच फोन असतो: त्याचा प्रोसेसर वेगळा, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, आणि ती पूर्ण बंद.

गूगललाही हे दुखणं माहीत होतं. २०१७च्या अँड्रॉइड ८मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणून वरचा आणि खालचा थर यांच्यात एक ठरीव शिवण घातली गेली, जेणेकरून खालचं न उसवता वरचं बदलता यावं. त्याचा फायदा झालाच. पिक्सेल ८पासून गूगल आणि गॅलेक्सी एस२४पासून सॅमसंग सात वर्षं अपडेट द्यायला तयार झाले. पण ते महागडे फोन. पंधरा हजारांच्या फोनला ही चैन अजून सहसा मिळत नाही.

पोस्टमार्केटओएसची वाट उलटी. २०१७मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प अँड्रॉइड बाजूलाच ठेवतो आणि फोनवर सर्व्हरसारखंच साधं लिनक्स चालवायला बघतो, कर्नलही मूळ लिनक्सचं, ताजं. त्यासाठी चिपांचे ड्रायव्हर नव्यानं, खुल्या रीतीनं लिहावे लागतात. रॉब क्लार्क यांनी क्वालकॉमच्या ग्राफिक्स चिपचं वागणं बाहेरून तपासत ‘फ्रीड्रीनो’ हा खुला ड्रायव्हर लिहायला घेतला, म्हणून आज पोको एफ१सारख्या फोनवर ताज्या लिनक्सची स्क्रीन झुळझुळीत चालते. कॅमेऱ्याचं काम मात्र वर्षानुवर्षं रखडत आलंय, आणि कॅमेरा नसलेला फोन कोण घेणार?

पहिल्या सेकंदातलं कुलूप

समजा, तुमच्या फोनचा आराखडा आहे, ड्रायव्हर आहेत, कुणीतरी रॉमही, म्हणजे फोनवर टाकायची तयार सिस्टिमही, तयार केलीय. तरी ती फोनवर बसेलच असं नाही.

पॉवरचं बटण दाबलं की चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम सगळ्यांत आधी जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रामची, म्हणजे बूटलोडरची, डिजिटल सही तपासतो; ती पटली तरच त्याला चालू देतो. बूटलोडर मग कर्नलची आणि सिस्टिमची सही तपासतो. सही करायची किल्ली कंपनीकडं. तुम्ही तयार केलेल्या अँड्रॉइडवर ती सही नसते, म्हणून ते सुरूच होत नाही. ही साखळी मूर्खपणाची नाही. फोन चोरीला गेला किंवा कुणी गुपचूप त्यात पाळत ठेवणारी सिस्टिम घातली, तर हीच साखळी वाचवते.

कुलूप उघडायची रीत काही कंपन्या देतात. सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ या पानावर बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची. ‘तुम्ही आता डेव्हलपर आहात’ असा निरोप येतो. मग डेव्हलपरच्या पर्यायांत ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायचं. फोन बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून धरलं की फास्टबूटचा रुक्ष पडदा येतो. केबल जोडायची, कॉम्प्युटरवरून एक ओळ टाकायची, फोनवर इशारा येतो, होकार द्यायचा. त्या क्षणी फोनमधलं सगळं पुसलं जातं: फोटो, चॅट, सगळं. हे पुसणं वैतागवाणं वाटलं तरी बरोबर आहे, नाहीतर चोरानं हेच करून तुमचे फोटो वाचले असते. यानंतर बहुतेक फोन दर वेळी सुरू होताना ‘या फोनवर भरवसा ठेवू नका’ अशा अर्थाचा इशारा दाखवत राहतात.

शाओमीनं या वाटेत खातं जोडून १६८ तास थांबायची अट घातली होती. काही कंपन्यांच्या फोनवर हा पर्यायच नसतो, आणि तिथं पुढची सगळी चर्चा संपते.

पण कर्नल जीपीएलखाली आहे ना? कोड द्यावाच लागतो ना? लागतो. किल्ली द्यावी लागत नाही. हा वाद फोनच्या आधीचा आहे. अमेरिकेत टिवो नावाचा टीव्हीचे कार्यक्रम टिपून ठेवणारा डबा लिनक्सवर चालायचा. कंपनी नियमाप्रमाणे कोड द्यायची, पण बदललेला कोड तो डबा चालवायचाच नाही. जीपीएल लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला हे परवान्याच्या हेतूलाच हरताळ फासणं वाटलं, आणि जून २००७मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी कलम घातलं: घरगुती वापराची वस्तू विकताय तर बदललेला कोड तिच्यावर बसवायला लागणारी माहिती, म्हणजे किल्लीसुद्धा, द्या. टोरवाल्ड्स यांना ते पटलं नाही. कोड परत मिळाला की माझं काम झालं, तुमच्या हार्डवेअरचं तुम्ही बघा, अशी त्यांची भूमिका होती. लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीवर राहिलं. त्याच महिन्यात पहिला आयफोन विक्रीला आला आणि काही महिन्यांत अँड्रॉइडची घोषणा झाली. आज आपल्या खिशातल्या फोनचा कोड खुला आणि दार बंद आहे, त्याचं कायदेशीर मूळ इथं आहे. टोरवाल्ड्स वेगळं वागले असते तर फोन कंपन्यांनी दुसरं एखादं कर्नल शोधलं असतं असाही एक तर्क आहे, आणि तो मला खोडता येत नाही.

गंमत अशी की याबाबतीत सर्वांत मोकळा वागतो तो गूगलचाच पिक्सेल. त्यावर कुलूप उघडून, दुसरी सिस्टिम टाकून, त्या सिस्टिमच्या किल्लीनं ते पुन्हा लावता येतं. सुरक्षिततेसाठी नावाजलेलं ग्राफीनओएस म्हणूनच पिक्सेलवर उभं राहिलं. गूगलपासून लांब जायचं तर आधी गूगलचा फोन घ्या!

वरचा थर: नाव, करार आणि बँकेचं अ‍ॅप

२००९मध्ये स्टीव्ह कोंडिक यांची सायनोजेनमॉड ही रॉम गाजायला लागली तेव्हा गूगलनं त्यांना कायदेशीर पत्र धाडलं. आक्षेप अँड्रॉइडवर नव्हता; रॉमसोबत जीमेल, मॅप्स वगैरे बंद अ‍ॅप वाटली जात होती त्यावर होता. तेव्हापासून रॉम वेगळी आणि गूगलची अ‍ॅप वेगळी टाकायची पद्धत पडली.

ती टाकली नाहीत तर? फोन चालतो, पण लंगडत. बरीचशी अ‍ॅप नोटिफिकेशन गूगलच्या प्ले सर्व्हिसेसमार्फत मागवतात, नकाशा त्यांच्याकडून घेतात, ठिकाणही त्यांनाच विचारतात. त्या नसल्या की अ‍ॅप उघडतं आणि मुकं बसतं. मायक्रोजी नावाचा खुला प्रकल्प या सेवांची नक्कल करून बरंच काम भागवतो.

याच सायनोजेननं भारतात एक नाट्य घडवलं. कोंडिक यांनी पुढं कंपनी काढली आणि २०१४च्या वनप्लस वनवर त्यांचं सायनोजेन ओएस आलं. दरम्यान भारतातले हक्क मायक्रोमॅक्सला, त्यांच्या ‘यू’ या नव्या ब्रँडसाठी, दिले गेले. डिसेंबर २०१४मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि सायनोजेन असलेल्या वनप्लसच्या विक्रीवर काही दिवस बंदी आली. मूळ कोड कुणीही घेऊ शकत होतं. नाव आणि कंपनीची आवृत्ती मात्र करारात बांधलेली होती. वनप्लसनं यातून धडा घेऊन स्वतःचं ऑक्सिजन ओएस काढलं. सायनोजेन कंपनी २०१६च्या अखेरीस गुंडाळली गेली आणि उरलेल्या मंडळींनी तोच कोड घेऊन त्याच महिन्यात लिनिएजओएस सुरू केलं. कंपनी बुडाली, काम बुडालं नाही. खुल्या कोडचा एवढा ठसठशीत फायदा क्वचित दिसतो.

फोन कंपन्यांचे करार याहून कडक. प्ले स्टोअर हवं तर गूगलची ठरलेली सगळी अ‍ॅप घ्यायची, आणि अँड्रॉइडची वेगळी वाट धरलेली आवृत्ती कुठल्याच फोनवर विकायची नाही. २०१२मध्ये एसर कंपनीला अलीबाबाच्या अलीयून ओएसचा फोन ऐन वेळी रद्द करावा लागला तो याच दबावामुळे. युरोपीय आयोगानं जुलै २०१८मध्ये यासाठी गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला. आपल्याकडं भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. अपिलात मार्च २०२३मध्ये दंड कायम राहिला, काही निर्देश मात्र गळाले. त्याआधीच जानेवारीत गूगलनं भारतातल्या कंपन्यांना अ‍ॅप सुटी घेण्याची मुभा जाहीर केली होती. दुकानातल्या फोनवर याचा फरक तुम्हाला दिसला का? मला तरी नाही.

आणि सर्वसामान्य माणसाला अडवणारी गोष्ट तर निराळीच आहे. बँकेचं अ‍ॅप उघडलं की ते प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या सेवेला विचारू शकतं: हा फोन मूळ अवस्थेत आहे का? उत्तर देताना फोनची चिप आपल्या बूटलोडरची अवस्था सही करून कळवते. कुलूप उघडलेलं असेल तर उत्तर नकारार्थी, आणि अ‍ॅप दार लावून घेतं. पळवाटा निघतात, काही आठवड्यांत बुजतात, पुन्हा निघतात. गंमत पाहा: पाच वर्षं एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला, पण कुलूपबंद फोन बऱ्याचदा या चाचणीत पास होतो आणि परवाच अपडेट झालेला लिनिएजओएसचा फोन नापास. भाजीवाल्यालाही यूपीआयनं पैसे देणाऱ्या देशात ही अडचण बारीक नाही. मला विचाराल तर खुल्या सिस्टिमचा आजचा खरा अडसर हाच आहे. ड्रायव्हर लिहिणारे भेटतात, बँकेला पटवणारा कोण भेटणार?

अँड्रॉइड सोडून

हातातल्या यंत्रावर लिनक्स चालवायची धडपड अँड्रॉइडहून जुनी आहे. कॉम्पॅकच्या आयपॅकवर २०००च्या सुमारास लोकांनी लिनक्स चढवलं, शार्पनं झॉरस काढला, नोकियानं २००५ ते २००९मध्ये माएमो या लिनक्सवरच्या सिस्टिमची यंत्रं विकली, ओपनमोकोनं २००७मध्ये नखशिखांत खुला फोन करून पाहिला. आपल्याकडं बंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी एन्कोर सॉफ्टवेअरसोबत सिम्प्युटर घडवला: लिनक्सवर चालणारं, तळहातावर मावणारं यंत्र, स्मार्ट कार्ड घालायच्या खाचेसह, म्हणजे गावात एकच यंत्र असेल आणि ज्यानं त्यानं आपलं कार्ड आणून वापरावं. २००४मध्ये तो अमिडा सिम्प्युटर या नावानं बाजारात आला. विक्री बेताचीच झाली. ज्या गावकऱ्यासाठी तो होता त्याच्या हातात काही वर्षांतच स्वस्त मोबाइल आला होता.

फायरफॉक्स ओएसची कथा तर आपल्या प्रश्नाचं उत्तरच आहे. मोझिलानं वेबच्या तंत्रावर बांधलेली ही खुली सिस्टिम ऑगस्ट २०१४मध्ये इंटेक्स क्लाउड एफएक्सवर १,९९९ रुपयांत भारतात आली आणि आपटली. फोनवरचं काम थांबवत असल्याचं मोझिलानं २०१५च्या डिसेंबरात जाहीर केलं. पण तिच्याच कोडमधून कायओएस निघालं आणि २०१७च्या जिओफोनमधून कोट्यवधी भारतीयांच्या हातात पोचलं. कोड खुल्या घराण्यातला; फोनमध्ये मात्र मालकाला काडीचाही बदल करता येत नाही.

आजच्या लिनक्स फोनांपैकी पाइन६४चा पाइनफोन २०२०मध्ये दीडशे डॉलरच्या आसपास आला. मागचं झाकण काढलं की मोडेम, वायफाय, माइक, कॅमेरे बंद करायची खरीखुरी बटणं दिसतात. उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीनं २०१७मध्ये सोडून दिलेलं फोनसाठीचं उबुंटू टच यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी जिवंत ठेवलंय. भारतात मात्र यातला कुठलाही फोन वापरण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. जिओचं नेटवर्क २०१६मध्ये पहिल्या दिवसापासून ४जीवरच उभं राहिलं. साधा कॉलही व्होल्टीवरून, म्हणजे ४जीच्या डेटावरून, जातो. व्होल्टी सांभाळणारा कोड बहुतेक फोनांत कंपनीचा, बंद असतो. तो नसला की इंटरनेट चालतं आणि कॉल लागत नाही. काही फोनांवर लिनिएजओएस टाकल्यावरही हेच होतं.

मराठी वाचणाऱ्यांना खुल्या कोडचं एक देणं मात्र रोज मिळतं. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात देवनागरीच्या जागी चौकटी दिसायच्या. ऑपेरा मिनीतली ती बिटमॅप फॉन्टची छुपी सेटिंग आठवणारे बरेच निघतील, आणि काही जण फक्त फॉन्ट घालण्यासाठी फोन रूट करायचे, म्हणजे सिस्टिमच्या आत बदल करायचे पूर्ण अधिकार मिळवायचे. आता जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवायचं काम हार्फबझ ही खुली लायब्ररी करते, अँड्रॉइडवर आणि लिनक्सवरही. २०१४च्या अँड्रॉइड ५मध्ये मराठी अधिकृत भाषा म्हणून आली.

कुणाला जुन्या फोनवर हात साफ करून पाहायचा असेल तर सुरुवात लिनिएजओएसच्या अधिकृत यादीपासून करा, आणि यादीत बाजारातल्या नावापेक्षा सांकेतिक नाव जुळवा. पोको एफ१चं ‘बेरिलियम’. भारतात २०१७मध्ये तुफान खपलेल्या रेडमी नोट ४चं ‘मिडो’, कारण आपल्याकडं त्यात स्नॅपड्रॅगन ६२५ होता. चीनमध्ये याच नावाचा फोन मीडियाटेकच्या चिपवर विकला गेला आणि त्याचं सांकेतिक नाव ‘निकेल’. एकाची रॉम दुसऱ्यावर चढवली तर फोनची वीट होते, म्हणजे तो सुरूच होत नाही. बूटलोडर उघडू देतात का, त्या मॉडेलच्या पानावर व्होल्टीबद्दल काय लिहिलंय, शेवटची आवृत्ती कधी निघाली, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय केबल लावू नका. फोटोंची प्रत आधी काढून ठेवा. यूपीआय मात्र दुसऱ्या, कुलूपबंद फोनवरच राहू द्या.